बारसं न झालेला

इंगोलश्टाटमधली नोव्हेंबरची रात्र. एक वाजलाय. पाऊस काचांवर आपटतोय, मेणबत्ती संपत आलीय, आणि व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या पायाशी पडलेला निर्जीव देह डोळा उघडतो. मंद, पिवळट डोळा. मग एक जड श्वास, हातापायांना आचका. या एका क्षणासाठी या पोराने जवळजवळ दोन वर्षं झोप सोडली, तब्येत घालवली, घरच्यांना पत्रं लिहायचं टाळलं, मेलेल्यांच्या हाडांत हात घातला. आणि क्षण आल्यावर तो काय करतो, तर खोलीतून पळतो. आपल्या निजायच्या खोलीत जाऊन बराच वेळ येरझाऱ्या घालतो आणि शेवटी कपड्यांनिशी बिछान्यावर अंग टाकतो. त्याला चक्क झोप लागते.

मेरी शेलीची ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीन भाग, पाचशे प्रती, लेखकाचं नाव नाही. तेव्हापासून ती एका ठरावीक कामाला जुंपली गेली आहे. अणुबॉम्ब आला की फ्रँकेन्स्टाइन, क्लोनिंग आलं की फ्रँकेन्स्टाइन, आता कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखातही तोच. माणसाने देवाच्या कामात लुडबूड करू नये, हा म्हणे तिचा धडा. सिनेमांनी त्यात कडाडणारी वीज आणि कुबडा मदतनीस घातला, जे पुस्तकातल्या त्या रात्री नाहीत. मला हे वाचन कधी पटलं नाही. पुस्तकात आकाशातून कोणी शाप देत नाही, प्रयोग फसत नाही, उलट तो कल्पनेपलीकडे यशस्वी होतो. जन्मलेला जीव बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, मिल्टन वाचतो, गटेची 'वेर्थर' कादंबरी वाचून रडतो. व्हिक्टरने जे केलं त्यात चूक शोधायला मला फारसं काही सापडत नाही. चूक आहे ती त्यानंतरच्या दहा मिनिटांत.

ती दहा मिनिटं मेरीने किती बारकाईने लिहिलीत पाहा. व्हिक्टर दचकून जागा होतो. चंद्रप्रकाशात, पलंगाचा पडदा वर करून, तो उभा आहे. जबडा उघडतो, काहीतरी अस्पष्ट आवाज काढतो, गालांवर सुरकुत्या पडतात, आणि एक हात पुढे करतो. व्हिक्टर सांगतो, तो बहुधा मला धरायला आला होता. पण ज्याने कधी तान्हं मूल जवळून पाहिलंय त्याला हे वर्णन ओळखू येतं. अर्थ नसलेले आवाज, वाकडंतिकडं हसू, समोर दिसेल त्याच्याकडे पसरलेला हात. जन्माला येऊन तास-दोन तास झालेला जीव दुसरं काय करणार? व्हिक्टर जिना उतरून खाली अंगणात पळतो आणि उरलेली रात्र तिथेच काढतो. सकाळी त्याला बालमित्र क्लेर्व्हाल भेटतो. दोघं खोलीकडे येतात, व्हिक्टर भीतभीत आधी एकटा वर जातो, दार ढकलतो. खोली रिकामी. तो आनंदाने टाळ्या पिटतो.

त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. आठ फुटांचा, एका रात्रीचा, भाषा नसलेला, अंगावर धड कपडे नसलेला कोणीतरी थंडीत बाहेर पडलाय आणि त्याला बनवणारा टाळ्या पिटतोय, कारण प्रश्न दारातून आपणहून निघून गेला. त्यानंतर व्हिक्टर तापाने फणफणतो आणि क्लेर्व्हाल कित्येक महिने त्याची शुश्रूषा करतो, उशाशी बसतो, औषधपाणी पाहतो. म्हणजे तान्ह्या बाळाची करावी तशी काळजी या गोष्टीत घेतली जाते, पण बापाची. बाळ त्या वेळी जवळच्या रानात आहे. थंडी काय असते, भूक काय असते, अंधार काय असतो, यातलं त्याला काहीच वेगळं करून सांगता येत नाही. झाडावरची बोरांसारखी फळं खातो, ओढ्याचं पाणी पितो, चहूकडून दुखायला लागल्यावर खाली बसतो आणि रडतो.

ही गोष्ट मी एकदा आईला सांगितली होती. ती मटार सोलत होती आणि मी उगाच समोर बसले होते. तिला भुताखेतांच्या गोष्टींचा कंटाळा, तरी ऐकत होती. मी पळून जाण्यापर्यंत आले तेव्हा तिने विचारलं, "नाव काय ठेवलं त्याचं?" म्हटलं, नाव ठेवलंच नाही. शेवटपर्यंत नाही. "अगं मग हाक काय मारायचे?" हाक मारणारं कोणी नव्हतंच, हे उत्तर देताना मलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. ती दोन-चार शेंगा सोलून म्हणाली, "कर्णाला निदान राधा तरी मिळाली." आणि मग, "खायला कोणी घातलं त्याला?" भीतीचा, राक्षसाचा, विज्ञानाचा विषय तिच्या डोक्यात आलाच नाही. नाव, हाक, खाणं. समीक्षेची पुस्तकं वाचून मी ज्या प्रश्नापाशी पोचले होते तिथे ती मटाराच्या ताटाशी बसून पोचली होती.

नावाचा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला असावा. १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या कादंबरीचं नाटक आलं, तेव्हा पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती आणि समोर नटाचं नाव. मेरी ते नाटक बघायला गेली आणि ही युक्ती तिला आवडली, असं तिने पत्रात लिहून ठेवलंय. पुढे लोकांनी बापाचंच नाव त्याला चिकटवून टाकलं. शुद्धतेचे आग्रही लोक ही चूक दुरुस्त करत बसतात. मला वाटतं राहू द्यावी. ज्या बापाने आडनावसुद्धा दिलं नाही त्याच्याकडून ते लोकांनी परस्पर वसूल केलं.

व्हिक्टरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूल होण्याआधी त्याने त्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवली होती ते त्याच्याच तोंडून आलंय. एक नवी जमात मला आपला जन्मदाता म्हणून दुवा देईल. कुठल्याही बापाला आपल्या मुलाच्या कृतज्ञतेवर सांगता येणार नाही इतका हक्क मला सांगता येईल. अजून बोटं जोडायची आहेत आणि याचा उपकारांचा हिशोब तयार! (आपल्याकडे हे वाक्य निदान मूल पंचवीस वर्षांचं झाल्यावर ऐकवतात.) तो इतका मोठा का बनवला, याचंही कारण तो देतो. बारीक अवयव जोडायला वेळ लागतो, कामाचा वेग मंदावतो, म्हणून सगळं मोठ्या मापाने घेतलं. ज्या अवाढव्य देहामुळे जग त्याला दगड मारणार होतं, तो देह बापाच्या घाईतून आला.

आणि हे अज्ञानातून झालं असंही म्हणता येत नाही. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत मेरीने व्हिक्टरच्या बालपणाच्या वर्णनात भर घातली. तिथे तो आपल्या आईवडिलांविषयी सांगतो की देवाने आपल्या पदरात टाकलेल्या या असहाय जिवाचं सुख आणि दुःख आपल्या हातात आहे, आपण त्याचं काही देणं लागतो, ही जाण त्यांना पुरेपूर होती. म्हणजे बाप कसा असतो हे त्याने पाहिलेलं आहे, भोगलेलं आहे, आणि ते तो कृतज्ञतेने सांगतो. त्याच आवृत्तीत त्याच्या बोलण्यात नशिबाची भाषाही वाढते, नियतीने माझा नाश ठरवला होता वगैरे. मला १८१८ चा व्हिक्टर जास्त खरा वाटतो. तिथे नियती कमी आहे आणि हात झटकणारा माणूस जास्त.

मेरीला हे सगळं कुठून माहीत होतं, याचं उत्तर तिच्या घरात आहे. कादंबरीला लेखकाच्या चरित्राने मोजू नये असं आम्हाला शिकवलं होतं आणि एरवी मी ते पाळतेही, पण इथे पाळवत नाही.

तिचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. आई मेरी वोलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवरचं इंग्रजीतलं पायाभूत पुस्तक लिहिणारी. वार पडली नाही, डॉक्टरने हाताने तुकडे काढले, बाळंतरोग झाला आणि १० सप्टेंबरला ती गेली. वडील विल्यम गॉडविन, त्या काळातले सर्वांत धाडसी तत्त्वज्ञ. १७९३ च्या त्यांच्या 'पोलिटिकल जस्टिस' ग्रंथात एक उदाहरण आहे, ज्यावरून तेव्हा बराच गदारोळ झाला. समजा आर्चबिशप फेनेलोन यांच्या महालाला आग लागली आहे. आत दोघं आहेत, फेनेलोन आणि त्यांची मोलकरीण. एकालाच वाचवता येईल. गॉडविन म्हणतात, फेनेलोन यांना वाचवा, कारण त्यांच्या ग्रंथांनी हजारोंचं भलं होणार आहे. आणि ती मोलकरीण तुमची बायको किंवा आई असली तर? तरीही फेनेलोनच. 'माझी' या सर्वनामात अशी काय जादू आहे, ते विचारतात, की त्याने शाश्वत सत्याचा निवाडा फिरवावा? (टीका झाल्यावर पुढच्या आवृत्तीत मोलकरणीच्या जागी नोकर आला, आई-बायकोच्या जागी बाप-भाऊ. मुद्दा तोच राहिला.)

गंमत म्हणून वाचलं तर हे तर्कशुद्ध आहे. पण त्या घरात मूल म्हणून वाढणाऱ्याला ते कसं वाटत असेल? १८१४ च्या जुलैत सोळा वर्षांची मेरी कवी पर्सी शेलीबरोबर पळून गेली. पर्सी विवाहित, एका मुलीचा बाप, बायको हॅरिएट गरोदर. लग्नसंस्थेवर ग्रंथात कोरडे ओढणाऱ्या गॉडविन यांनी मुलीशी बोलणं टाकलं, ते दोन वर्षांहून अधिक काळ. जावयाकडे पैशाची मागणी करणारी पत्रं मात्र चालू राहिली.

फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती मार्चमध्ये गेली, तिचंही नाव ठेवलेलं नव्हतं. १९ मार्चला मेरीने रोजनिशीत एक स्वप्न टिपलंय: माझी छोटी पुन्हा जिवंत झाली, ती फक्त थंड पडली होती, आम्ही तिला शेकोटीपुढे चोळलं आणि ती जगली. जाग आली, बाळ नाही. पुढच्या वर्षी जिनिव्हा सरोवराकाठी, कवी बायरनच्या बंगल्यात, पावसाने कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, आणि त्यातून ही कादंबरी निघाली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्या प्रसिद्ध रात्रीपेक्षा ही रोजनिशीतली नोंद जास्त कामाची वाटते. मेलेल्यात प्राण आणण्याची कल्पना तिच्या मनात आधी या रूपात आली होती. तिथे शास्त्र नव्हतं, उपकरणं नव्हती. गारठलेलं अंग चोळायचं, एवढंच होतं. व्हिक्टरने नेमकं तेवढंच केलं नाही.

कादंबरी लिहिणं चालू असतानाच, ऑक्टोबर १८१६ मध्ये, तिची सावत्र बहीण फॅनी स्वान्सीच्या एका खाणावळीत मेलेली सापडली. आत्महत्या. फॅनी म्हणजे वोलस्टनक्राफ्टची पहिली मुलगी. तिचा बाप इमले तिला तान्हेपणीच सोडून गेला होता, पुढे आई गेली, आणि ती गॉडविन यांच्या घरात कोणाचीच सख्खी नसलेली पोर म्हणून वाढली. तिने चिठ्ठीत लिहिलं होतं की आपला जन्मच दुर्दैवी होता आणि आपलं जगणं म्हणजे आपल्या भल्यासाठी झिजणाऱ्यांना निव्वळ ताप. चिठ्ठीवरची सही फाडलेली होती. अंगातल्या कॉर्सेटवर मात्र दोन अक्षरं होती, एम. डब्ल्यू., तिच्या आईची. गॉडविन यांनी गवगवा नको म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि देह ओळखायला घरचं कोणी गेलं नाही. डिसेंबरमध्ये हॅरिएटचा देह लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात सापडला. तिच्या दोन मुलांचा ताबा कोर्टाने पर्सीला दिला नाही. बायरनने आपल्या मुलीला, अलेग्राला, आईपासून तोडून इटलीतल्या एका मठात ठेवलं. ती पाच वर्षांची होऊन तिथेच तापाने गेली. कवी, तत्त्वज्ञ, स्वातंत्र्याचे भाट. माणुसकीवर यांच्यासारखं कोणी लिहिलं नाही, आणि यांच्या पोरांची नावं घेताना मोजावी लागतात ती थडगी.

या पार्श्वभूमीवर व्हिक्टरचे मरतानाचे शब्द वाचावेत. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावर, कप्तान वॉल्टनपाशी, तो म्हणतो: मी या दिवसांत माझ्या वागण्याचा विचार केला आणि मला ते दोषास्पद वाटत नाही. त्या जिवाच्या सुखाची काळजी घेणं माझं कर्तव्य होतं, हे खरं. पण त्याहून मोठं एक कर्तव्य होतं, माझ्या मानवबांधवांप्रति, कारण त्यात सुखदुःखाचं प्रमाण जास्त होतं.

हे फेनेलोनचं गणित आहे. अगदी तेच. बेरीज कुठे मोठी येते ते पाहा आणि 'माझा' या शब्दाला भाव देऊ नका. आणि कादंबरीच्या पहिल्या पानावर अर्पण आहे: विल्यम गॉडविन यांस. लेकीने बापाला याहून आदराने आणि याहून कठोरपणे काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तिने मुद्दाम केलं का, ते मी सिद्ध करू शकत नाही. पण जादू काय आहे, या बापाच्या प्रश्नाला कादंबरीभर उत्तर दिलेलं दिसतं. मानवजातीची काळजी घ्यायला मानवजात आहे. पलंगाशी हात पसरून उभ्या असलेल्याला मात्र व्हिक्टरशिवाय कोणी नाही. तो दुसऱ्या कोणाचा नाही, म्हणूनच तो व्हिक्टरचा आहे.

व्हिक्टरला हे एकदा कळतं सुद्धा. शामोनीच्या हिमनदीवर दोघं समोरासमोर येतात आणि तो टाकलेला जीव म्हणतो, मी तुझा आदम व्हायला हवा होतो. मी चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं, मला सुखी कर, मी पुन्हा चांगला होईन. त्याच्यामागून बर्फावरून झोपडीकडे चालताना व्हिक्टरला पहिल्यांदा जाणवतं की निर्मात्याचंही काही कर्तव्य असतं, दुष्टपणाची तक्रार करण्याआधी त्याला सुखी करायला हवं होतं. तो जोडीदारीण करून देण्याचं कबूल करतो. ऑर्क्नीच्या एका उजाड बेटावर कामाला लागतो, आणि अर्ध्यातच त्याला पुढच्या पिढ्या आठवतात. यांना मुलं झाली तर? सैतानांची जात पृथ्वीवर पसरली तर? खिडकीबाहेर तो बघत असताना व्हिक्टर ते अर्धवट शरीर फाडून टाकतो.

इथे मी अडते. कारण या वेळी व्हिक्टर परिणामांचा विचार करतोय, पहिल्या वेळी केला नव्हता तो. ज्यांना या गोष्टीतून सावधपणाचा धडा हवा आहे त्यांनी खरं तर इथे त्याची पाठ थोपटायला हवी. मलाही त्याची भीती अगदीच खोटी वाटत नाही. जिच्या वतीने वचन दिलं गेलं तिचं मत कोणी विचारलंय, हा त्याचा प्रश्न तर बिनतोड आहे. पण दूरचं संकट दिसण्याची त्याची नजर नेमकी अशाच वेळी तीक्ष्ण होते जेव्हा जवळच्याला काही द्यायची वेळ येते. मोठ्या कर्तव्याचा आधार घेऊन लहान कर्तव्यातून सुटणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. समाजकार्यात आयुष्य घालवलेल्या काहींच्या घरी जाऊन आलं की कळतं.

आता त्या बिननावाच्या जिवाच्या बाजूने बोलता बोलता एक गोष्ट राहून जाऊ नये. तो निरागस उरत नाही. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम, लहान मूल, त्याचा गळा त्याने आवळला. मग घरातली मोलकरीण जस्टिन झोपलेली असताना तिच्या कपड्यांत विल्यमच्या गळ्यातली तसबीर ठेवून दिली, आणि ती बिचारी फासावर गेली. हे रागाच्या भरात झालेलं काम नाही, हा रचलेला डाव आहे. बापाने टाकलं म्हणून मोलकरणीला फाशी, असा न्याय होत नाही. (गॉडविनच्या महालातली मोलकरीण इथेही जळतेच.) आणि व्हिक्टर? जस्टिन निर्दोष आहे हे माहीत असून तो कोर्टात तोंड उघडत नाही. लोक मला वेडा म्हणतील, असं स्वतःला सांगतो.

दोघांत फरक पडतो तो शेवटी. व्हिक्टर मरताना स्वतःला निर्दोष ठरवून जातो. त्याने टाकलेला जीव जहाजाच्या खोलीत शिरतो, प्रेतावर ओणवतो आणि ज्याने नावसुद्धा दिलं नाही त्याची क्षमा मागतो. विल्यम, जस्टिन, क्लेर्व्हाल, व्हिक्टरची बायको एलिझाबेथ, या सगळ्यांच्या मरणाचं ओझं तो अंगावर घेतो. जगाने माझ्यावर अन्याय केला हेही म्हणतो, आणि तरी मी नीच आहे हेही. ज्याला कोणी काही शिकवलं नाही, ज्याने माणूसपण एका झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून चोरून पाहिलं, त्याला एवढं कळतं.

मेरीने पुढे काय केलं? एकापाठोपाठ आणखी दोन मुलं गमावली, क्लारा १८१८ मध्ये आणि विल्यम १८१९ मध्ये. हो, विल्यम. कादंबरीत गळा दाबल्या गेलेल्या पोराचंच नाव, ते छापून आल्यानंतर दीड वर्षाने. तेव्हा गॉडविन यांनी तिला पत्रात खडसावलं: तुझ्याकडे बाकी सगळं आहे, आणि एक लहान मूल गेलं म्हणून ते सगळं शून्य? इथेही बेरीज. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की १८२३ मध्ये, पर्सी बुडून गेल्यावर ती परतली तेव्हा, कादंबरीची दुसरी आवृत्ती काढण्याची खटपट गॉडविन यांनीच केली आणि त्यावर तिचं नाव छापलं गेलं. ते नाटक पाहायला ते तिच्याबरोबर गेले होते. १८३१ च्या प्रस्तावनेत तिने स्वतःच्या पुस्तकाला आपलं कुरूप अपत्य म्हटलं, जा, सुखी हो असा आशीर्वाद दिला, आणि माझा त्याच्यावर जीव आहे असंही लिहिलं. रूसोचं चरित्र लिहायची वेळ आली तेव्हा, पाच मुलं अनाथालयात सोडून शिक्षणावर ग्रंथ लिहिणाऱ्या त्या थोर माणसाला तिने सोडलं नाही.

जगलं ते एकच मूल, पर्सी फ्लॉरेन्स. त्याच्या शाळेची चर्चा चालली असताना कोणीतरी सुचवलं की स्वतंत्र विचार करायला शिकवतील अशा ठिकाणी घाल त्याला. मॅथ्यू आर्नल्ड यांनी तिचं उत्तर नोंदवून ठेवलंय: स्वतंत्र विचार? अरे देवा, त्यापेक्षा चार लोकांसारखा विचार करायला शिकवा! मुलाने तिचं ऐकलं. त्याने ना काव्य लिहिलं, ना क्रांती केली. त्याला होड्यांचा आणि हौशी नाटकांचा नाद होता, आणि आई १८५१ मध्ये जाईपर्यंत तो तिच्याजवळ राहिला.